दाभोळची खाडी आणि पाऊणकीचा पाढा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो. ज्यांनी पाहिला आहे त्यांचा काही उपयोग होत नाही. ते फोटोत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे असतात आणि विचारलं तर म्हणतात, "लय मोठा आहे." एवढं तर मला जाण्याआधीच माहीत होतं.

मी नववीत शाळा सोडली. गणित आणि मी, दोघांपैकी एकालाच त्या वर्गात जागा होती. मग कालव्याच्या कामावर गेलो, हॉटेलात कपबशा धुतल्या, आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर लागलो. पाण्यात क्लोरिन टाकायचं, काठ घासायचे, कुणी बुडायला लागलं तर काढायचं. पोहणं मला कालव्यातच आलं होतं, शिकवलं कुणी नव्हतं. हळूहळू लोक आपली पोरं माझ्याच हवाली करायला लागले. प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा मी सेक्रेटरीसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

ते म्हणाले, "तू शिकवतो चांगलं, त्याच्याबद्दल वाद नाही. पण फाइलीत लावायला कागद पाहिजे ना बाबा. तुझ्याकडे दहावीचा नाही, पोहण्याचा नाही, कशाचाच नाही. एखादं मोठं सर्टिफिकेट आण. मार्चअखेर मीटिंग आहे."

तलावावर येणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी ट्रायथलॉनचं सुचवलं. त्यांनीच फॉर्म भरला आणि त्यांची जुनी गिअरची सायकल मला दिली. त्यांचे उपकार इथे लिहून फिटणार नाहीत, म्हणून लिहीत नाही.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल चालवायची, मग पळायचं. आमच्या गावात हे तिन्ही प्रकार लोक करतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि त्याबद्दल गळ्यात पदक कुणी घालत नाही. ही शर्यत दीड किलोमीटर पोहण्याची, चाळीस सायकलची आणि दहा पळण्याची होती. ठराविक वेळेत पूर्ण केली की सर्टिफिकेट. मधे होडीत चढलं की बाद. मी सहा महिने पहाटे तलावात, मग रस्त्यावर, मग पुन्हा कामावर असा राहिलो. पण खारं पाणी मी जिभेवरसुद्धा घेतलं नव्हतं, आणि झोपेत मला रोज एकच दिसायचं की मी होडीत बसलो आहे.

खेड

रेल्वेचं काही सांगत नाही. बसलो, उतरलो, परत बसलो, खेडला उतरलो. सायकल मालडब्यातून आली ती मागचा गिअर वाकवून घेऊनच. स्टेशनवरून ढकलत गावात आलो. शर्यत दोन दिवसांवर, आणि मी फलाटावरच संपलो होतो.

बाजारात एक सायकलवाला भेटला. त्याने पान्याने तो वाकलेला भाग धरला आणि दातांत विडी धरून विचारलं, "कुठून आलांत?"

"यवतमाळवरून."

"सायकल घेऊन? हितं सायकली नव्हत्या काय?"

"शर्यत आहे जी, दाभोळला."

"जिंकलांत तर काय देतात?"

"सर्टिफिकेट."

"आणि हरलांत तर?"

"तरी देतात. फक्त पूर्ण केली पाहिजे."

त्याने जोर लावून गिअर सरळ केला. "मंग बरं हाय," तो म्हणाला. "आमच्या गावची पोरं मुंबईला तेच करायला जातात. पूर्ण करतात आणि येतात परत." वर मला चहा पाजला आणि सांगितलं की पुढच्या घाटात गिअर काही कामाचा नाही, मांड्या लागतात.

खरंच लागल्या. आमच्याकडे रस्ता एकदा निघाला की समोर दिसेल तिथपर्यंत सरळ जातो. इथला रस्ता चढतो, उतरतो, आणि आपण उगाच उतरलो असं वाटून परत चढतो. कोकणी माणसाला सरळ रस्ता दिला तर तो चुकल्यासारखा बावरेल. वर मात्र सडा लागतो. काळ्या जांभ्या दगडाचं नुसतं मैदान, वर वाळलेलं पिवळं गवत, आणि कडेच्या आंब्यांचा मोहोर इतका की वास नाकातून थेट डोक्यात जातो. दापोली ओलांडून दाभोळच्या उतारावर आलो तर खाली वाशिष्ठीची खाडी पसरलेली, आणि डावीकडे नाही, उजवीकडे (मी नकाशा उलटा पाठ केला होता) ती उघडून समुद्रात गेलेली. मी सायकल थांबवली. लय मोठा आहे. ते फोटोतले लोक खोटं बोलत नव्हते, एवढं कबूल करतो.

दाभोळ

शर्यतीचे लोक गावाबाहेरच्या एका रिसॉर्टवर उतरले होते. मी तिथे नंबराचं फडकं आणि टोपी घ्यायला गेलो. असा देखावा मी पाहिला नव्हता. पुण्या-मुंबईची भली शिकलेली माणसं सायकलींना मखमली फडक्यांनी पुसत होती. आमच्याकडे पोळ्याला बैलालासुद्धा एवढं पुसत नाहीत, आणि बैल निदान शेत तरी नांगरतो. कुणी पोटऱ्यांना निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, कुणी नळीतलं गोड चिकट काहीतरी चोखत बसलेला. समोर ताजी मासळी विकायला बसलेल्या बाया होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो असतो, पण मी तसलाच नंबर घ्यायला आलो होतो.

केदार नावाचा पुण्याचा एक जण रांगेत माझ्या पुढे होता. संगणकाच्या कंपनीत मोठा माणूस. त्याच्या मनगटावर जे घड्याळ होतं ते वेळ सोडून सगळं सांगायचं.

"दादा, तुमचा रेस्टिंग हार्ट रेट किती?" त्याने विचारलं.

"मोजला नाही जी."

"कोच कोण?"

"कोणी नाही."

"वेटसूट?"

मी माझी निळी चड्डी दाखवली. तो मनापासून म्हणाला, "रिस्पेक्ट." आणि मागे सरकला. असा रिस्पेक्ट आमच्या क्लबातही मिळतो, तलाव घासताना.

रात्री त्यांचं पास्त्याचं जेवण होतं. मी धक्क्याकडे निघून आलो. राहायची सोय केलेली नव्हती. धर्मशाळा विचारावी म्हणून जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने माझी सायकल, माझी पिशवी आणि माझं तोंड असं क्रमाने पाहिलं.

"कंच्या गावचा तू?"

"पुसदकडचा. यवतमाळ जिल्हा."

"तिकडं दर्या हाय?"

"नाही जी."

"मंग पोहायला कशात शिकून आलास?"

"कालव्यात."

तो जाळी ठेवून उठला आणि घराकडे बघत ओरडला, "अगं, कालव्यात पोहणारा आलाय. दोन भाकऱ्या जास्त टाक."

हे हसनचाचा. चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. आता होडी पुतण्याकडे आणि चाचा धक्क्यावर. घरात ते आणि चाची दोघंच, मुलगा आखातात. चाचींनी ओसरीवर गोधडी टाकली आणि पुढ्यात तांदळाची भाकरी आणि तांबडं कालवण ठेवलं. कालवणात अख्खा मासा. आमच्याकडे हाड दिसतं आणि मग माणूस ते टाळतो. इथे काटा दिसत नाही आणि माणसाला तो शोधून काढतो. तिसऱ्या घासाला माझ्या घशात अडकला. मला वाटलं झालं, पोहण्याआधीच गेलो. चाचींनी कोरड्या भाताचा गोळा माझ्या हातात दिला.

"चावू नको. गीळ."

गिळला. काटा गेला. चाचा म्हणाले, "उद्याचा दिवस थांब. परवा पोह. आज फक्त मासा जिंकला." पुढचे दोन दिवस त्यांनी मला प्रत्येक जेवणात ही गोष्ट ऐकवली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते मला धक्क्यावर घेऊन गेले. पाणी किती शांत होतं. मी म्हणालो, हे तर तलावासारखं आहे.

"आता हाय. परवाची तिथ काय?"

"परवाची नाही जी, उद्याची शर्यत."

"तेच ते. उद्याची तिथ काय?"

मला माहीत नव्हतं.

"एकादस," ते म्हणाले.

"तुम्ही एकादशी पाळता?"

"आमी नाय पाळत. पानी पाळतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला जो मला नववीनंतर कुणी विचारला नव्हता. "पाऊणकी येते काय?"

पाऊणकीचा पाढा, म्हणजे प्रत्येक आकड्याची पाऊणपट. चाचा चौथी शिकलेले, मी त्यांच्यापेक्षा पाच वर्षं जास्त, आणि मला घाम फुटला.

"तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणकीनं गुणायचा. जेवढं येईल तेवढ्या वाजता खाडी भरती. मंग उतरायला लागती. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आता सांग, अकरा पाऊण?"

मी बोटांवर मोजायला लागलो. मागून मासळीची पाटी घेऊन चाची येत होत्या. न थांबता म्हणाल्या, "सव्वाआठ. पोराला कशाला छळता?"

"साडेसातला शर्यत सुटणार," मी कागद बघून सांगितलं.

"मंग ठरवणारानं डोकं लावलंय," चाचा म्हणाले. "भरतं पानी, मग थांबलेलं पानी. आठ-सव्वाआठपर्यंत सगळे हिकडं. पन नऊनंतर ह्याच पान्यात माजी होडीसुदा मी सरळ नाय नेत."

मी घरी जाऊन ओसरीवर पाऊणकी पाठ केली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. गुरुजींनी मारून जे आलं नव्हतं ते भीतीने तासाभरात आलं.

धोपावे

शर्यत पलीकडच्या धोपाव्याच्या काठावरून सुटायची आणि पोहत दाभोळच्या धक्क्यावर यायची. सकाळी फेरीबोटीने आम्हाला तिकडे नेलं. पोहणाऱ्यांच्या सोबतीला गावच्या होड्या ठरवल्या होत्या, त्यातल्या एकीत पुतण्या वल्ह्यावर आणि चाचा पुढे बसलेले. मी सात वाजता चड्डी-टोपीत तयार. आयोजकांचं कौतुक करायला हरकत नव्हती. पाण्यात वाट दाखवणारे नारिंगी फुगे जागेवर, होड्या जागेवर, पाणी जागेवर.

पाहुणे तेवढे जागेवर नव्हते.

काठावर मंडप होता. मंडपावर एका पुढाऱ्याचा चेहरा, इतका मोठा की पलीकडच्या दाभोळला त्याचे दात मोजता यावेत. हे साहेब हिरवा झेंडा दाखवणार होते. साडेसात वाजले. माइकवरचा रेडिओसारख्या आवाजाचा माणूस म्हणाला, "साहेब अवघ्या पाच मिनिटांत पोहोचत आहेत." आठ वाजले, साहेब अवघ्या पाच मिनिटांत पोहोचत होते. सव्वाआठ वाजले. मी पाण्याकडे पाहिलं. खाडी काठोकाठ भरली होती आणि हलत नव्हती, जणू तीच कुणाची वाट बघत होती.

मी आयुष्यभर साहेब लोकांची वाट पाहिली आहे. ते उशिरा येतात याचं मला काही वाटत नाही. पण इथे शंभरेक शिकलेली माणसं होती, ज्यांनी घड्याळं सेकंदाच्या तुकड्यांपर्यंत लावलेली होती, ज्यांना आपल्या हृदयाचे ठोके तोंडपाठ होते, आणि त्यातला एकही जण म्हणाला नाही की साहेबांना राहू द्या, आम्ही निघतो. ते हात पाय ताणत राहिले आणि नळ्या चोखत राहिले. मीही म्हणालो नाही. माझं तर सोडाच, मी कुणापुढे कधी काही म्हणालो होतो.

साडेआठला उतारावरच्या दगडांची एक ओली रेघ उघडी पडली. नऊला कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेले दगड दिसायला लागले. चाचांनी होडी काठाला लावली आणि आयोजकाला हाक मारली.

"साहेब, पानी सुटलं. आता दुपारी अडीचनंतर घ्या. तवा परत थांबेल."

आयोजक पंचवीस-तीस वर्षांचा, अंगात चार खिशांचं जाकीट. "चाचा, आमच्याकडे भरती-ओहोटीचा पूर्ण चार्ट आहे. काळजी करू नका."

"चार्टात सुरुवात कितीला लिवलीय?"

"साडेसात."

"आता किती वाजले?"

त्याने घड्याळ पाहिलं आणि बाही खाली ओढली. म्हणाला, "कार्यक्रम पत्रिकेत छापलाय हो. साहेब निघालेत. आता कसं बदलणार?"

साहेब पावणेदहाला आले. शाल झाली, नारळ झाला. लहानपणी आपण विहिरीत कसे पोहायचो यावर ते बोलले, आणि विहिरीला ओहोटी नसते हे त्यांच्या भाषणात आलं नाही. मी चाचांच्या होडीकडे सरकलो.

"चाचा, मला होडीत चढून चालणार नाही."

"मंग ऐक. समोर धक्का दिसतो? त्याच्याकडं बगू नको. त्याच्या उजव्या अंगाला, वर, डोंगराची तांबडी दरड दिसती?"

"लय लांब आहे ती."

"तिच्याकडं पोह. फुगे बिगे सोड. लोक डावीकडं जातील, जाऊ दे. तू दरड धर. पानी तुला धक्क्यावर आणून घालील."

"आणि नाही आणलं तर?"

"मंग मी हाय की," ते म्हणाले, आणि विडी पेटवली.

झेंडा पडला. सगळे एकदम पाण्यात शिरले, लाथा आणि कोपरं. खारं पाणी तोंडात गेलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी त्यात काहीतरी टाकलंय. पण एक सांगतो, खारं पाणी माणसाला वर धरतं. आमच्या कालव्यात ही सोय नाही. थोडं पुढे गेल्यावर मी डोकं वर काढून तांबडी दरड शोधली आणि तिच्याकडे वळलो. बाकी सगळे नारिंगी फुग्यांकडे निघाले होते. काही हातांतच मी एकटा पडलो.

तोच शिट्टी वाजली. छोट्या नावेत बसलेला आयोजकांचा माणूस मला हातवारे करत होता. "नंबर चौसष्ट, तुम्ही चुकीच्या दिशेने जात आहात. परत या."

मला शिट्टीची सवय आहे. शिट्टी वाजली की मी थांबतो, कुणीही वाजवलेली असो. मी थांबलो. आणि थांबल्याबरोबर कळलं की मी डावीकडे चाललो आहे. हात न हलवता. दाभोळचा धक्का माझ्या समोरून सरकत उजवीकडे निघाला होता, जशी गाडी सुटल्यावर स्टेशनवरची माणसं सरकतात.

मी त्या माणसाकडे पाठ केली आणि दरड धरली. शिट्टी वाजत राहिली. इतकी वाईट वागणूक मी आजवर कुणाला दिली नव्हती. मी मोजत गेलो, श्वासाला एक आकडा, आणि दमल्यावर आकडे पाऊणकीत जायला लागले. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. दरड जवळ येत नव्हती, पण धक्का आता पळत नव्हता. मग तो हळूहळू माझ्याकडे यायला लागला. एकदा वर पाहिलं तर थोड्या अंतरावर चाचांची होडी, ते दुसरीकडेच बघत होते, जसं माणूस ज्याच्यावर लक्ष ठेवतो त्याच्याकडे बघत नाही. शेवटी माझी बोटं शेवाळाच्या पायरीला लागली. मी तिला धरून राहिलो.

धक्क्यावर मासळीवाल्या बाया होत्या. एक म्हणाली, "एकलाच आला की काय? बाकीची वरात कुठंय?"

वरात खाडीच्या तोंडाकडे निघाली होती. नारिंगी फुग्याला सरळ धरून पोहणारे एकेक करून होड्यांनी वेचले. धडधाकट सगळे आले, कुणाला काही झालं नाही, आणि याचं श्रेय दाभोळच्या होड्यांना आहे, चार्टला नाही. स्वतःच्या हातापायांनी धक्क्याला लागलेले आम्ही चौघेच.

सडा

होडीतून आलेल्यांनाही आयोजकांनी सायकलवर सोडलं. मी दाभोळचा चढ चढत असताना मागून केदार आला. त्याची सायकल आवाजही करत नव्हती. "कमॉन दादा, मस्त चाललंय," तो म्हणाला आणि निघून गेला. होडीत आराम झाला होता ना.

सायकल झाली, पळणंही झालं. पळण्याबद्दल एवढंच सांगतो की जांभ्याचा दगड खालून तापतो आणि फेब्रुवारीतलं कोकणातलं ऊन वरून वाफवतं. आमचं ऊन भाजतं, पण सरळ भाजतं. वाटेत एका बाईने हंड्यातलं पाणी न विचारता माझ्या डोक्यावर ओतलं आणि शिव्या घातल्या, "उन्हात कशाला मरता रे?" वेळ संपायला काही मिनिटं राहिली असताना मी रेघ ओलांडली. आता कागद माझा होता.

बक्षीस समारंभात आयोजक माइकवर म्हणाला की नैसर्गिक परिस्थितीमुळे पोहण्याचा टप्पा सर्वांसाठी रद्द धरण्यात आला आहे. सर्टिफिकेटं आधीच छापलेली होती. म्हणून दोन मुली टेबलाशी बसून प्रत्येकावरची 'पोहणे' ही ओळ काळ्या पेनाने खोडत होत्या, आणि साहेब पलीकडे एकेकावर सही करत होते.

मी आयोजकाकडे गेलो. "साहेब, मी पोहून आलो ना जी. पूर्ण."

"माहीत आहे दादा, पण नियम सगळ्यांना सारखा."

"सगळे सारखे कुठे पोहले? मला पोहण्याचाच कागद पाहिजे. तलावावर नोकरी आहे."

"तुमचा काही डेटा आहे का? वॉच वगैरे?"

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. घड्याळ केदारकडे होतं, आणि तो शेजारीच ते सगळ्यांना दाखवत होता. त्यात त्याचा पोहण्याचा वेग आयुष्यातला सर्वांत जास्त आला होता, कारण अर्ध्याहून जास्त अंतर तो होडीत होता आणि घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं. लोक त्याचं अभिनंदन करत होते. तोही नाही म्हणत नव्हता. मला म्हणाला, "दादा, मी बोलतो त्यांच्याशी." मग त्याचा फोन वाजला.

घरी येऊन ओसरीवर बसलो. पदक चाचींनी हातात घेऊन वजन पाहिलं आणि खिळ्याला अडकवलं. मी खोडलेली ओळ चाचांना दाखवली. त्यांनी ती बोटाने चाचपली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने सावकाश लिहिलं, एकेक अक्षर दोरी बांधल्यासारखं: "ह्या इसमाने एकादशीला सुटल्या पाण्यात धोपाव्यावरून दाभोळ गाठले. होडीला हात लावला नाही. मी पाहिले. हसन, तांडेल."

"हा चालंल का तुज्या साहेबाला?"

"चालेल जी," मी खोटं बोललो.

निघताना चाचींनी भाजलेल्या काजूंची पुडी दिली आणि सांगितलं, मासा खाताना बोलू नये. मी दोघांच्या पाया पडलो. चाचा म्हणाले, हे काय करतोस, आणि सायकलची हवा बघायला वाकले.

घरी

मार्चच्या मीटिंगला मी दोन्ही कागद घेऊन सेक्रेटरीसाहेबांपुढे उभा राहिलो. काळी ओळ दिसू नये म्हणून सर्टिफिकेट अंगठ्याखाली धरलं होतं. त्यांनी ते ओढून घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. मी मनात पाऊणकी म्हणत होतो.

"अरे," ते म्हणाले, "ही सही त्यांची आहे? स्वतः आले होते?"

"आले होते जी. जरा उशिरा."

"एवढा मोठा माणूस." त्यांनी कागद कमिटीपुढे फिरवला. सगळ्यांनी सही पाहिली. खोडलेली ओळ कुणीही वाचली नाही. सर्टिफिकेटला फ्रेम झाली आणि मला नोकरी लागली. ज्या माणसाने मला खाडीच्या तोंडात घालवलं असतं, त्याच्याच सहीवर. कॅलेंडरचं पान मी बाहेर काढलंच नाही. ते क्लोरिनच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलं आहे.

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिराचं उद्घाटन होतं. सकाळी आठची वेळ, रिबन बांधलेली, पोरं पोहण्याच्या कपड्यांत काठावर रांगेने उभी. पाहुणे म्हणजे आमच्याकडचे एक साहेब. साडेआठ झाले. सेक्रेटरीसाहेब फोनवरून येऊन म्हणाले, "पाचच मिनिटं." पावणेनऊ झाले. आमच्या तलावाला ओहोटी नसते, पण एप्रिलमध्ये काठाच्या फरश्या तापतात. पोरं एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उभी राहायला लागली. एक मुलगी रडायच्या बेतात होती, पण ती कुणाला काही म्हणत नव्हती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

मी क्लोरिनच्या खोलीत गेलो, दार आतून लावून घेतलं आणि ते पान एकदा वाचलं. मग बाहेर आलो, रिबनीच्या खालून वाकून काठावर गेलो. शिट्टी माझ्याच गळ्यात होती. वाजवली.

साहेब सव्वानऊला आले तेव्हा पोरं दोन फेऱ्या मारून गार होऊन बसली होती. त्यांनी रिबन कापली, ओल्या हातांच्या टाळ्या पडल्या. तेव्हापासून सेक्रेटरीसाहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला रोज वाटतं की आज काढतील. अजून काढलेलं नाही.

आज षष्ठी आहे. दाभोळला साडेचारला पाणी भरेल.